हाताने घडवलेली महागडी सायकल: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

कंबर_तलाव

दोन लाखांच्या आत एकच सायकल घ्यायची आहे आणि ती पुढची पंधरा-वीस वर्षे वापरायची आहे. एक पर्याय मापावर बांधून घेतलेली क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाची. तिच्यात निम्म्याहून जास्त पैसे फ्रेम आणि पुढच्या चिमट्यातच (फोर्क) जातील, उरलेल्यात साधे ९ स्पीडचे गिअर. दुसरा पर्याय रेडिमेड: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन चिमटा, हायड्रॉलिक डिस्क, ११ स्पीड.

उंची १७६ सेंमी, वजन ७८ किलो. रस्ते आपलेच, सोलापूरच्या आसपासचे: तुळजापूर, अक्कलकोट, अधूनमधून सामान बांधून पंढरपूर, पावसाळ्यात नान्नजच्या बाजूला आतल्या रस्त्याने. पोलादी फ्रेम मऊ चालते, आयुष्यभर टिकते आणि खेड्यातला वेल्डरसुद्धा दुरुस्त करतो, ही तीन वाक्ये सगळीकडे वाचायला मिळतात. यातले खरे किती? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

पासष्ट_क्रमांक

१७६ सेंमी उंचीला मापावर फ्रेम बांधायची गरज नाही. ५४ ते ५६ हा आकार प्रत्येक कंपनी बनवते, कारण त्या मापाला मागणी भरपूर असते. सीट पुढे-मागे, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) १० मिमीने कमी-जास्त, हँडल ४२ ऐवजी ४० सेंमी. एवढ्यात माप जुळते.

वजनाचा हिशोबही करून टाका. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ९० किलो धरा. तुळजापूरच्या घाटात ५ टक्के चढावर ताशी १२ किमी वेग ठेवायला, नुसते वजन वर न्यायला, साधारण १४७ वॅट लागतात. फ्रेमवर हजारो रुपये खर्चून १ किलो कमी केले तर वाचतात दीड वॅटच्या आसपास. आषाढात मोहोळच्या दिशेने निघालात की समोरचा पश्चिमेचा वारा याच्या कितीतरी पट खातो. तेव्हा हलकी म्हणून महाग हे कारण आधी यादीतून काढा.

माझे मत सरळ आहे. रेडिमेड घ्या, उरलेले पैसे चाकांत घाला.

पितळी_डाख

पासष्ट दादांचा वजनाचा हिशोब बरोबर आहे, पण चांगला कारागीर वजनासाठी पैसे घेतच नाही. पैसे नेमके कशाचे जातात ते सांगतो, मग तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

आधी मऊपणा. साधे हाय-टेन असो, ४१३० क्रोमोली असो की रेनॉल्ड्स ८५३, सगळ्या पोलादाचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो, सुमारे २०० गिगापास्कल. महाग पोलाद जास्त लवचीक नसते, ते जास्त मजबूत असते. मजबूत असल्यामुळे नळी पातळ करता येते. बटेड नळी म्हणजे टोकांना ०.८ मिमी आणि मधे ०.५, कारण जोडाची उष्णता आणि ताण दोन्ही टोकांवरच येतात. रेनॉल्ड्सची ५३१ ही १९३५ पासूनची नळी याच तत्त्वावर प्रसिद्ध झाली.

नळीचा ताठपणा मात्र व्यासाच्या घनाने वाढतो. खालची नळी २८.६ ऐवजी ३१.८ मिमीची घेतली, जाडी तीच ठेवली, तर ताठपणा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. ५५ किलोच्या माणसाला आणि मागे पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) लावणाऱ्या ९० किलोच्या माणसाला एकच नळी देणे चूक आहे, आणि कारखाना एका आकारात नेमके तेच करतो. मापावर बांधण्यात जी अक्कल विकत मिळते ती ही: तुमचे वजन, तुमचे सामान, त्याप्रमाणे नळीचा व्यास आणि जाडी. कारागिराने तुम्हाला वजन आणि सामान विचारलेच नाही, नुसती उंची आणि रंग विचारला, तर तिथे पैसे देऊ नका.

आता 'मऊ चालते' याबद्दल. डायमंड फ्रेम (नेहमीची, दोन त्रिकोणांची) उभ्या दिशेने जवळजवळ दबतच नाही. दबतो तो टायर, त्याखालोखाल सीटपोस्ट आणि चिमटा. २८ मिमी टायर ८० पीएसआयवर आणि ३५ मिमी टायर ५० पीएसआयवर यांत जो फरक अंगाला जाणवतो, तो कुठल्याही दोन फ्रेममध्ये जाणवणार नाही. म्हणून फ्रेमचे पोलाद कोणते यापेक्षा त्या फ्रेममध्ये केवढा टायर बसतो हा प्रश्न आधी विचारा.

कामाचा क्रम असा. मापावरून पूर्ण आकाराचे रेखाटन. त्यावरून नळ्यांची टोके घासून एकमेकीवर बसवणे, यालाच मायटर म्हणतात. दोन नळ्या हाताने धरल्या आणि पलीकडे उजेड धरला तर फटीतून दिसता कामा नये. इथे घाई झाली की ती फट नंतर पितळाने भरली जाते, वरून गुळगुळीत दिसते आणि काही हजार किलोमीटरनंतर नेमकी तिथेच तडा जाते. मग जिगमध्ये (नळ्या मापात धरणाऱ्या साच्यात) बांधून टाके. मग जोड: लग (नळ्या आत बसवायचे जोडखोबण) असेल तर चांदीचा डाख, फिलेट (लगशिवाय बाहेरून गोलसर भरलेला जोड) असेल तर पितळ, नाहीतर टिग वेल्डिंग. ५६ टक्के चांदीचा डाख ६२० ते ६५० अंशांना वितळतो, पितळाला ९०० च्या आसपास जावे लागते. चांदी महाग, पण पातळ नळीला ती सोसते. पितळाला ज्योत एका जागी जास्त वेळ राहिली की नळीचे कण मोठे होतात आणि जोडाच्या कडेला नळी कमकुवत होते. शेवटी सपाट पृष्ठभागावर सरळपणा तपासणे, बीबीचे (पेडलचा आस बसतो त्या शेलचे) आटे टॅप करणे, हेड ट्यूबची (पुढची, हँडलखालची नळी) दोन्ही तोंडे समांतर फेस करणे. नळ्या हातात आल्यापासून रंगाला जाईपर्यंत एका माणसाचा आठवडा सहज जातो.

लग म्हणजे हाताने घडवलेली, असेही समजू नका. आपल्याकडची काळी २२ इंची सायकलसुद्धा लगचीच असते. लगची कडा किती पातळ घासली आहे आणि डाख कडेला सगळीकडे सारखा बाहेर आला आहे का, हे बघायचे.

कंबर_तलाव

काका, फार उपयोगी माहिती. समजा फ्रेम तयार होऊन समोर आली. रंग लागलेला आहे. आपल्यासारख्या माणसाने घरी काय तपासायचे?

पितळी_डाख

रंगाच्या आधी बघायला मिळाली तर उत्तम, तसे आधीच लिहून घ्या. उघड्या धातूचे जवळून काढलेले फोटो तरी मागा: बीबीचे चारही जोड, हेड ट्यूबचे दोन्ही जोड, मागच्या चिमट्याचा पूल.

रंग लागल्यावर दोऱ्याची तपासणी करा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो ती खाच) बारीक दोरा बांधा, पुढे हेड ट्यूबवरून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजा. फरक १ मिमीच्या आत हवा. २ मिमीपर्यंत चालून जाते, पण एवढे पैसे मोजल्यावर का चालवून घ्यायचे? त्यापुढे असेल तर परत पाठवा.

ड्रॉपआउटमधले आतले अंतर व्हर्निअरने मोजा: रोडचे क्विक रिलीज (खटक्याने सुटणारे) १३०, टूरिंग आणि एमटीबीचे (माउंटन बाइकचे) १३५, थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा आस) १४२. ते १३२ भरले आणि कारागीर म्हणाला की दाबून बसते, तर ते काम अर्धवट आहे.

मग चाक बसवून बघा, तेच चाक उलटे फिरवून परत बसवा. दोन्ही वेळा रिम एकाच बाजूला कलत असेल तर दोष फ्रेमचा. चाक उलटल्यावर कल बाजू बदलत असेल तर चाकाची डिश (रिम आसाच्या मधोमध असणे) चुकली आहे. थ्रू अ‍ॅक्सल आणि डिस्क असेल तर हे जमत नाही, तिथे डिश गेजच लागतो.

बीबीचे कप हाताने निदान तीन-चार आटे फिरले पाहिजेत. पाना लावल्याशिवाय हलत नसतील तर रंग आट्यांत गेला आहे किंवा उष्णतेने शेल वाकडे झाले आहे. आणि लक्षात ठेवा, ६८ मिमीच्या, बीएसए मापाच्या आट्यांच्या बीबीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो. नव्या फ्रेमचे आटे सर्वांत जास्त खराब होतात ते इथेच, कारण दुकानातला पोरगा सवयीने उलटा जोर लावतो.

चिंचोली_टूलरूम

खेड्यातला वेल्डर दुरुस्त करतो, या वाक्याबद्दल मला लिहायलाच हवे. काळी सायकल दुरुस्त करतो, होय की. तिची नळी जाड असते. क्रोमोलीची बटेड नळी मधे ०.५ ते ०.६ मिमी असते. आपल्याकडे रस्त्याकडेच्या दुकानात अडीच मिमीचा रॉड आणि ७०-८० अँपिअरचा आर्क असतो. त्याने ही नळी जोडली जात नाही, तिला भोक पडते. मग भोक बुजवायला आणखी रॉड. संपला विषय.

तडा गेला तर करायचे काय ते सांगतो. तड्याच्या दोन्ही टोकांना दीड-दोन मिमीचे भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही. तेवढ्यावर चालवत राहू नका, सायकल टेम्पोत टाकून आणा. एमआयडीसीत टिग करणारे आहेत, पण सांगताना नेमके सांगा: नळी ४१३० आहे, जाडी इतकी, फिलर ईआर ७०एस-२, सलग रेघ न ओढता थोडे थोडे. गॅसवर पितळाने बाहेरून पट्टी जोडणे हा दुसरा मार्ग, दिसायला ओबडधोबड पण नळीला सोसणारा. नळी उष्णता-प्रक्रिया केलेली असेल, उदाहरणार्थ रेनॉल्ड्स ७२५, तर जोडाशेजारी तिची ताकद घटते. म्हणूनच टोकाला जाडी ठेवलेली असते. तडा नळीच्या मधल्या पातळ भागात असेल तर जोडू नका, नळी बदलून घ्या. हे मात्र पोलादातच शक्य आहे: कारागीर जुनी नळी कापून नवी घालू शकतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये जोडल्यानंतर पूर्ण फ्रेमला पुन्हा उष्णता-प्रक्रिया लागते, ते कोणी करत बसत नाही.

पावडर कोटिंगबद्दलही लिहितो, कारण पैसे वाचवायला बरेच जण फ्रेम बिनरंगाची घेऊन इथे रंगवायचा विचार करतात. पोलादी फ्रेमला भट्टीचे १८० ते २०० अंश काहीच नाहीत, डाख त्याच्या कितीतरी वर वितळतो. धोका भट्टीच्या आधी आहे. आपल्याकडे सँडब्लास्टिंग गेट-ग्रिलच्या हिशोबाने होते, जाड वाळू आणि भरपूर दाब. त्याने पातळ नळी खाल्ली जाते. बारीक ग्रिट, कमी दाब आणि नोझल एका जागी न थांबवणे, हे समोर उभे राहून करून घ्या. बीबीचे आटे, हेड ट्यूबची आतली बाजू, सीटपोस्टची २७.२ ची नळी, डिस्क ब्रेकचे माउंट आणि ड्रॉपआउटचे तोंड, एवढ्या जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने आणि सिलिकॉन बुचांनी झाका. हेडसेटचे कप काढून द्या. कार्बन चिमटा चुकूनही भट्टीत जाऊ देऊ नका.

आउट_आणि_डिश

फ्रेमवर खूप झाले. हाताने घडवलेली जी वस्तू आपल्या रस्त्यांवर दर रुपयामागे सर्वांत जास्त परत देते, ती चाक आहे, आणि त्याची किंमत मापाच्या फ्रेमच्या जवळपासही जात नाही.

यंत्रावर विणलेल्या स्वस्त चाकात तारांचा ताण कमी आणि असमान असतो. तार तुटते ती बहुतेक वेळा जास्त ताणामुळे नाही. सैल तार प्रत्येक फेरीत पूर्ण मोकळी होते आणि परत ताणली जाते, आणि हबच्या भोकाजवळच्या वाकड्या भागात दमून तुटते. मग दुकानात चाकाची आउट (रिमचा वाकडेपणा) काढताना शेजारच्या तारा सैल करून रिम सरळ केली जाते. दिसते सरळ, पण सरासरी ताण आणखी खाली येतो आणि महिन्याभरात पुढची तार जाते.

कंबर_तलाव यांच्या वजनाला आणि सामानाला मागे ३६, पुढे ३२ तारा. मागचे गणित मुद्दाम जास्त ठेवा; काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० असतात, ते उगाच नाही, बहुतेक भार मागेच असतो. दुहेरी भिंतीची रिम, आतली रुंदी १९ ते २३ मिमी. तारा स्टेनलेस, बटेड २.०/१.८/२.० मिमी. गॅल्व्हनाइज तारा स्वस्त असतात, पण निपल (तारेचे नट) धरतात आणि वर्षभराने फिरत नाहीत. लांबी १ मिमीच्या आत अचूक हवी, त्यासाठी रिमचा ईआरडी (तारांची टोके पोचतात तिथला व्यास) स्वतः मोजा, डब्यावर लिहिलेला घेऊ नका.

विणण्याची पद्धत तीन क्रॉस (प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून). निपलच्या आट्यांना आणि रिमच्या भोकाला तेलाचा थेंब. सगळ्या तारा आधी आट्याच्या एकाच खुणेपर्यंत, मग पूर्ण चाकाला अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक फेरीनंतर आधी उंची, मग बाजू, मग डिश. ताण चढला की समांतर तारांच्या जोड्या हाताने जोरात दाबायच्या, पूर्ण चाकभर. कडकड आवाज येतो, तारांचा पीळ सुटतो आणि वाकडा भाग हबवर नीट बसतो. परत आउट काढायची, परत दाबायचे, आवाज येईनासा होईपर्यंत. ही दाबण्याची पायरी गाळली की पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये चाक हलते आणि दोष रिमला दिला जातो.

शेवटी मागच्या चाकाला गिअरच्या बाजूच्या तारांवर ११० ते १२० किलो ताण, दुसऱ्या बाजूला त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास, आणि एका बाजूच्या तारांत आपापसात १० टक्क्यांहून जास्त फरक नको. ताणमापक नसेल तर बोटाने तार छेडा. एकाच बाजूच्या तारांचा सूर सारखा लागला पाहिजे. सोलापुरात काळ्या सायकलींची चाके विणलेले जुने मिस्त्री आहेत, त्यांचा हात उत्तम आहे. त्यांच्याकडे ताणमापक नेऊन द्या आणि आकडा सांगा. फार सुरेख काम करून देतात.

पासष्ट_क्रमांक

हेच म्हणतो. रेडिमेड सायकल आणि अशी चाके. शिवाय मापाची फ्रेम विकायला काढली तर त्याच मापाचा गिऱ्हाईक शोधावा लागतो, हेही धरून चाला.

वैशाली_होटगी_रोड

माझी बाजू वेगळी आहे. उंची १५० सेंमी, इनसीम (जांघेपासून टाचेपर्यंत) ६८. सर्वांत लहान आकारातसुद्धा पाय पुढच्या चाकाला घासतो आणि हँडल लांब पडते. दुकानात उपाय सांगतात तो आखूड स्टेमचा, त्याने वळताना हँडल फार चंचल होते. ६५०बी (नेहमीच्या ७०० पेक्षा लहान) चाकांची मापाची फ्रेम करून घ्यावी का?

पितळी_डाख

ताई, मापाच्या फ्रेमचे पैसे खऱ्या अर्थाने तुमच्या मापात वसूल होतात. पण ६५०बी म्हटले की प्रश्न सुटला असे नाही, आकडे मांडून बघा.

क्रँक (पेडलचा दांडा) आडवा असताना बुटाचे टोक बीबीपासून क्रँकची लांबी अधिक साधारण ९५ मिमी पुढे असते. त्यात पुढच्या चाकाची त्रिज्या मिळवली की पूर्ण मोकळीक मिळायला बीबी ते पुढचा अ‍ॅक्सल किती अंतर हवे ते कळते. १७० चा क्रँक आणि ७००×३२ टायर: १७० + ९५ + ३४३, म्हणजे ६०८. लहान फ्रेममध्ये हे अंतर ५७० ते ५८० असते, म्हणून पाय घासतो. ६५०बी×४२ घेतले तर त्रिज्या ३३४, म्हणजे वाचले जेमतेम ९ मिमी. रिम लहान झाली पण टायरने ती जागा परत घेतली. कंपन्यांची लहान आकाराची ६५०बी मॉडेल इथेच फसतात.

५५९ ची रिम, म्हणजे एमटीबीचे २६ इंची चाक, ३८ मिमी टायर: त्रिज्या ३१८. त्याबरोबर १६० चा क्रँक: १६० + ९५ + ३१८ = ५७३. हे ५८० च्या फ्रेममध्ये बसते. मडगार्ड लावणार असाल तर त्याची १० मिमी धरा, म्हणजे ५८५ मागा. त्यासाठी हेडचा कोन ७१ ठेवून चिमट्याचा रेक (पुढे काढलेला बाक) वाढवतात, म्हणजे ट्रेल (टायर जमिनीला टेकतो ती जागा हँडलच्या अक्षाच्या जितकी मागे असते ते अंतर) ६० च्या आसपास राहतो आणि हँडल जड होत नाही. तयार फ्रेममध्ये नुसता कोन पाडतात आणि चिमटा सगळ्या आकारांना एकच लावतात, त्यामुळे लहान आकार वळायला आळशी होतो. वेगळा चिमटा मिळणे हाच तुमचा फायदा.

चाक लहान झाल्याने गिअर ७ टक्क्यांनी हलका होतो, पुढची चकती तेवढी मोठी घेतली की बरोबरी होते.

आउट_आणि_डिश

५५९ चा आणखी एक फायदा: अक्कलकोट, मैंदर्गी, कुठेही टायर मिळतो. घेताना मात्र नुसते '२६ इंची द्या' म्हणू नका. २६×१.७५, २६×१.९५ असे दशांशात लिहिलेले ५५९ चे. २६×१⅜ हा ५९० चा, २६×१½ हा ५८४ चा. तिन्ही २६ इंची, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर ४७-५५९ असा आकडा छापलेला असतो, तोच वाचून घ्या.

कंबर_तलाव

बांबूची फ्रेम हाही हाताने बनवलेला प्रकार आहे, आणि स्वस्त पडतो. आपल्या उन्हात?

चिंचोली_टूलरूम

बांबू टिकेल, जोडाची चिंता करा. जोड तागाचे किंवा कार्बनचे धागे आणि इपॉक्सीने बांधतात. खोलीच्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना नरम पडू लागते. मे महिन्यात हवा ४३ असताना उन्हात उभी केलेली गडद सायकल किंवा बंद गाडीची डिकी त्याच्या पुढे जाते. बनवणाऱ्याला विचारा की जोड नंतर ८० अंशांच्या आसपास भाजून पक्का केला आहे का आणि इपॉक्सीचा टीजी (नरम पडण्याचे तापमान) किती. उत्तर देता आले नाही तर घेऊ नका. शिवाय आपली कोरडी हवा आणि लगेच पावसाळा यात बांबू उभा चिरतो, टोके आणि भोके आतून सील केलेली हवीत.

टायरचा विषय निघेलच म्हणून लिहितो. उन्हात ठेवल्याने टायर फुटतो ही भीती फार मोठी करून सांगतात. ३० अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांना पोचला तर दाब ८९-९० होतो. टायर चांगला असेल तर काही होत नाही. फुटतो तो कड रिमवर नीट न बसलेला किंवा ट्यूब टायरखाली चिमटलेला.

आउट_आणि_डिश

आणि वेड्या बाभळीचे काटे. ट्यूबलेस (ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारे सीलंट) करा, काट्यासाठी याहून चांगला उपाय नाही. फक्त डब्यावर लिहिलेले महिने इथे धरू नका, उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते. मार्च ते जून दर सहा आठवड्यांनी व्हॉल्व काढून काडी बुडवून बघा, ३५ मिमी टायरला ५०-६० मिली लागते. काटा दिसला तर रस्त्यात उपटू नका, आत सीलंट आहे याची खात्री करून मग काढा आणि भोक खाली करून चाक फिरवा.

पितळी_डाख

काळ्या मातीचे कोणी लिहिले नाही. नान्नजकडे पावसानंतर आतल्या रस्त्याला लागलात तर टायरच्या दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळीक हा पुस्तकातला आकडा तिथे उपयोगाचा नाही. चिकणमाती मडगार्डखाली भरते आणि चाक फिरायचे थांबते. ३५ चा टायर लावणार असाल तर फ्रेममध्ये ४५ मावेल एवढी जागा मागा, मागचा चिमटा (चेनस्टे) ४४० मिमीच्या पुढे, मडगार्ड आणि टायरमध्ये १५ ते २० मिमी अंतर, आणि पुढच्या मडगार्डचे तार-सांधे दाबाने सुटणारे घ्या. माती अडकली की मडगार्ड चाकाबरोबर फिरते आणि चिमट्यात घुसते. रेडिमेड घेतली तरी खरेदीआधी हे मोजाच. गंज आपल्याकडे कोकणासारखा नाही, पण घाम आणि धुण्याचे पाणी सीटच्या नळीतून खाली बीबीत साचते. शेलच्या तळाला ४-५ मिमीचे भोक आहे का बघा.

आतून जवसाचे तेल द्या. खाण्याचे नव्हे, रंगाच्या दुकानात मिळते ते डबल बॉइल्ड, कारण कच्चे सुकायला आठवडे घेते. बीबी आणि सीटपोस्ट काढा, हवेच्या भोकांतून सगळ्या नळ्यांत मिळून ५०-६० मिली सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, रात्रभर निथळू द्या, आटे पुसून घ्या. पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. उघड्यावर पसरून वाळवा.

कंबर_तलाव

सगळे वाचून ठरवले. माझ्या मापाला रेडिमेड, पण ४५ मिमी टायर मावणारी आणि बीएसए आट्यांची बीबी असलेली. चाके वेगळी विणून घेणार. मागे ३६ तारांचा डिस्क हब सहज मिळेल का, की ३२ वर भागवावे?

आउट_आणि_डिश

क्विक रिलीजचा १३५ चा मिळतो. १४२ थ्रू अ‍ॅक्सलमध्ये ३६ शोधावा लागतो. नाही मिळाला तर ३२ घ्या, पण रिम थोडी जड, ५५० ग्रॅमच्या आसपास, आणि गिअरच्या बाजूला ताण १२० च्या जवळ. रिम उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, नाहीतर भोकाभोवती तडे जातात. सायकलीबरोबर येणारा अ‍ॅल्युमिनियमचा डिरेलर हँगर (मागचे गिअर टांगायचा तुकडा) सुरुवातीलाच एक जादा मागवून ठेवा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि सोलापुरात ऐनवेळी मिळत नाही.

वैशाली_होटगी_रोड

मी मापाची करते आहे. कारागिराला पाठवायची मापे: इनसीम ६८, धड, हात, खांदे, वजन ५२, सामान ८ किलो, ५५९×३८, मडगार्ड, क्रँक १६०, बीबी ते अ‍ॅक्सल ५८५, ट्रेल ६०. काही राहिले?

पितळी_डाख

दोन गोष्टी. इनसीम अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पुस्तक सीटएवढे घट्ट वर दाबून तीनदा मोजा. त्याला ०.८८३ ने गुणले की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची सुरुवातीची उंची येते, तुमची ६०० मिमी. हा आकडा १७० च्या क्रँकला धरून चालतो, तुमचा १६० आहे, म्हणून सीट ८-१० मिमी वर जाईल. सीटपोस्ट निदान ८० मिमी बाहेर दिसेल असा वरचा दांडा उतरता मागा.

दुसरे, सध्याच्या सायकलवर सीटचे टोक ते हँडलचा मध्य हे अंतर आणि दोघांच्या उंचीतला फरक मोजून पाठवा, आणि सोबत काय दुखते तेही लिहा: मान, मनगट की कंबर. नुसत्या शरीराच्या मापांवरून हँडलची लांबी नेमकी निघत नाही. चिमट्याची नळी कापताना ३० मिमी स्पेसर खाली राहील एवढी लांब ठेवायला सांगा, महिना-दोन महिने चालवून मग कापून घ्या.